कावेरीकाठी योगाची ओळख

प्रस्तावना

'योग' हा शब्द मराठी माणसाच्या बोलण्यात रोज येतो. बऱ्याच दिवसांनी कोणी स्नेही भेटला की 'आज भेटीचा योग होता' असे आपण म्हणतो. लग्न ठरले की 'योग जुळून आला' म्हणतो आणि न ठरल्यास 'अजून योग नाही' म्हणून मनाची समजूत घालतो. तमिळ भाषेतही 'योगम्' हा शब्द रूढ असून बोलीत त्याचा अर्थ भाग्य असा होतो. याच शब्दाचा तिसरा अर्थ आज सर्वांच्या परिचयाचा आहे. सकाळी सतरंजी अंथरून हातपाय ताणणे, श्वास भरणे व सोडणे यालाही आपण योगच म्हणतो.

हे सारे अर्थ एकाच शब्दात कसे मावले? व्याकरणकारांनी 'युज्' या धातूचे दोन अर्थ दिले आहेत. एक अर्थ जोडणे असा आहे. बैलांच्या मानेवर ठेवतात ते 'जू' याच धातूच्या कुळातील आहे. दुसरा अर्थ समाधी, म्हणजे मन एका ठिकाणी स्थिर होणे. योगशास्त्राच्या जुन्या भाष्यकारांनी हा दुसरा अर्थ पसंत केला. प्रस्तुत पाठात हाच अर्थ समजून घ्यायचा आहे. त्यासाठी तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कावेरी नदीच्या त्रिभुज प्रदेशातील एका गावी जायचे आहे. हे गाव एका मराठी राजाने विद्वानांना दान दिले होते. त्या गावात योगावरील ग्रंथ लिहिले गेले आणि योग आचरणातही उतरला.

या पाठाच्या अभ्यासानंतर योग या शब्दाचा शास्त्रीय अर्थ, योगाची आठ अंगे आणि योगसाधनेचे प्रमुख प्रकार तुम्हांला सांगता यावेत. तसेच आसने म्हणजेच संपूर्ण योग नव्हे, हे उदाहरणांसह स्पष्ट करता यावे, अशी अपेक्षा आहे.

नदी आणि चित्त

कर्नाटकातून वाहत येणारी कावेरी तिरुचिरापल्लीजवळ दुभंगते. उत्तरेकडचा प्रवाह कोळ्ळिडम या नावाने थेट समुद्राकडे धावतो, तर दक्षिणेकडचा कावेरी हेच नाव घेऊन तंजावरच्या भातशेतीत शिरतो. दोन्ही प्रवाह पुढे पुन्हा जवळ येतात, त्या जागी 'कल्लणै' हा प्राचीन दगडी बंधारा आहे. तो करिकाल या चोळ राजाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधला, असे मानले जाते. या बंधाऱ्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. तो पाणी साठवून ठेवण्यासाठी बांधलेला नाही. कावेरीचे पाणी उताराने कोळ्ळिडममध्ये निसटून समुद्राला मिळू नये, ते शेताकडे वळावे, एवढ्यासाठी तो आहे. कल्लणैच्या पुढे कावेरीला असंख्य फाटे फुटतात, फाट्यांतून कालवे निघतात, कालव्यांतून पाट निघतात आणि शेवटी एखादा शेतकरी फावड्याने बांधाची माती बाजूला सारून आपल्या खाचरात पाणी घेतो.

पतंजलींची 'योगसूत्रे' हा योगशास्त्राचा आधारग्रंथ होय. या ग्रंथात चार पाद असून सुमारे १९५ सूत्रे आहेत. चित्तात उठणाऱ्या वृत्तींचा निरोध म्हणजे योग, अशी व्याख्या पतंजलींनी आरंभीच केली आहे. 'निरोध' हा शब्द वाचला की मन दाबून टाकायचे, विचार बंद पाडायचे, असे वाटू लागते. अनेक नवशिके साधक येथेच अडतात. ते डोळे मिटून बसतात, विचार थांबत नाहीत, आणि योग आपल्याला जमणारा नाही असे म्हणून उठून जातात.

योगसूत्रांवर व्यासांचे भाष्य आहे. त्या भाष्यात चित्ताला नदीची उपमा दिली आहे. ही नदी दोन्ही दिशांनी वाहते, एका दिशेने कल्याणाकडे तर दुसऱ्या दिशेने अकल्याणाकडे. वैराग्याने एक प्रवाह अडवायचा आणि अभ्यासाने दुसरा मोकळा करायचा, असे भाष्यकार सांगतात. कल्लणै पाहिलेल्या माणसाला याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही. नदी आटवायची नाही. जो प्रवाह वाया जाऊ पाहतो त्याच्या वाटेत दगड रचायचे आणि जिकडे शेत आहे तिकडची वाट मोकळी ठेवायची. स्वतः पतंजलींनीही चौथ्या पादात शेतकऱ्याचा दृष्टान्त दिला आहे. शेतकरी पाणी ओढून आणत नाही. तो केवळ बांध दूर करतो आणि पाणी आपोआप पुढे जाते. ही उपमा ज्याला सुचली त्याने शेताच्या बांधावर उभे राहून पाणी देणारा माणूस पाहिलेला असला पाहिजे.

शहाजीराजांचे गाव

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला मराठ्यांचे राज्य आले. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे त्याचे संस्थापक होत. त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी १६८४ ते १७१२ या काळात राज्य केले. शहाजीराजे स्वतः ग्रंथकार होते, आणि विद्वानांचा त्यांना मोठा लोभ होता. १६९३ मध्ये त्यांनी कुंभकोणमजवळचे कावेरीच्या उत्तर तीरावरील तिरुविसनल्लूर हे गाव सुमारे ४५ पंडितांना अग्रहार म्हणून दिले. अग्रहार म्हणजे विद्वानांच्या निर्वाहासाठी दिलेले गाव. गावाला 'शाहजीराजपुरम्' असे नवे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले, आणि आजही ते तसेच आहे.

या गावातील प्राचीन शिवमंदिरातील देवाचे नाव 'योगानंदीश्वर' आहे. पतंजलींची कथाही या भागात नवीन नव्हती. ते आदिशेषाचे अवतार असून चिदंबरमला शिवाचे तांडव पाहण्यासाठी आले, अशी तमिळ प्रदेशातील श्रद्धा आहे. कमरेखाली सर्पाचे शरीर असलेल्या पतंजलींच्या मूर्ती तेथील मंदिरांत आढळतात. शाहजीराजपुरम् येथे राहणारे कवी रामभद्र दीक्षित यांनी याच कथेवर 'पतंजलिचरित' हे संस्कृत महाकाव्य रचले. पडद्याआड बसून हजार शिष्यांना शिकवणारे पतंजली, आणि कुतूहलाने पडदा उचलल्यामुळे भस्म झालेले शिष्य, ही प्रसिद्ध कथाही त्यात आहे. व्याकरणमहाभाष्य लिहिणारे पतंजली आणि योगसूत्रे रचणारे पतंजली एकच होते की वेगळे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. रामभद्र दीक्षितांच्या काळातील पंडितांना ते एकच वाटत, आणि वाणीचे व्याकरण शिकवणारा तोच मनाचेही शास्त्र सांगतो ही कल्पना त्यांना प्रिय होती.

मराठी राजा, संस्कृत कवी, तमिळ गाव आणि सर्वांना जवळचा असा एक विषय, असे हे दृश्य होते. तथापि ग्रंथ लिहिणे वेगळे आणि योग जगणे वेगळे. हा भेद दाखवणारी दोन माणसे याच गावाशी जोडलेली आहेत. त्यांची ओळख करून घेण्यापूर्वी योगाची अंगे पाहू.

योगाची आठ अंगे

पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली आहेत. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी, असा त्यांचा क्रम आहे. या आठ अंगांमुळे या मार्गाला 'अष्टांगयोग' म्हणतात.

या क्रमात आसन तिसऱ्या स्थानी आहे. संपूर्ण ग्रंथात आसनाविषयी केवळ तीन सूत्रे आहेत. शरीर स्थिर राहावे आणि बसणे सुखाचे व्हावे, एवढीच पतंजलींची आसनाकडून अपेक्षा आहे. प्राणायाम म्हणजे श्वासाच्या गतीचे नियमन. प्रत्याहार म्हणजे इंद्रियांना त्यांच्या विषयांपासून मागे घेणे. धारणा म्हणजे चित्त एका जागी बांधणे. तेच अखंड टिकले की ध्यान. आणि ध्यानात 'मी ध्यान करीत आहे' हे भानही उरले नाही की समाधी.

आसनाच्याही आधी येतात ते यम आणि नियम. अहिंसा, सत्य, अस्तेय म्हणजे चोरी न करणे, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह म्हणजे गरजेहून अधिक न साठवणे, हे पाच यम होत. यम इतरांशी वागताना पाळायचे असतात. शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे पाच नियम स्वतःसाठी आहेत. योगवर्गात यमनियमांचा उल्लेख बहुधा पहिल्या दिवशी होतो आणि नंतर ते विसरले जातात. कारण ते सतरंजीवर करता येत नाहीत. घरी, बाजारात, कचेरीत करावे लागतात.

त्यांची कसोटी कशी लागते, हे तिरुविसनल्लूरच्या श्रीधर अय्यावाळ यांच्या कथेतून कळते. श्रीधर वेंकटेश हे त्यांचे नाव; 'अय्यावाळ' हे आदरार्थी संबोधन होय. एके दिवशी त्यांच्या घरी वडिलांचे श्राद्ध होते. स्वयंपाक तयार होता, ब्राह्मण यायचे होते. इतक्यात दारी एक भुकेने व्याकूळ झालेला मनुष्य आला. तो त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचा होता. श्राद्धाचे अन्न ब्राह्मणांआधी कोणालाही द्यायचे नाही, हा रूढ नियम अय्यावाळांना ठाऊक होता. त्यांनी ते अन्न त्या माणसाला वाढले. गावातील ब्राह्मण संतापले. या घरी आपण जेवणार नाही, गंगास्नान करून शुद्ध झाल्यावाचून तुम्हांला पंक्तीत घेणार नाही, असे त्यांनी बजावले. काशी कित्येक महिन्यांच्या वाटेवर होती. अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली, आणि घराच्या विहिरीला गंगेचे पाणी येऊन ते रस्त्यावरून वाहू लागले, अशी कथा आहे. त्या घरी आजही कार्तिक अमावास्येला उत्सव होतो आणि त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करण्यासाठी दूरदूरचे लोक येतात.

चमत्कारावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हे प्रत्येकाने ठरवावे. पाहण्याजोगी गोष्ट त्याच्या आधी घडली आहे. ज्या गावी शास्त्र जाणणारे इतके पंडित होते, तेथे उपाशी माणसाला अन्न देणारा एकच निघाला, आणि त्याच्यावरच प्रायश्चित्ताची पाळी आली. अहिंसा हा यम ग्रंथात सर्वांनी वाचला होता.

पाठगत प्रश्न

१. 'युज्' या धातूचे दोन अर्थ सांगा.
२. कल्लणै बंधाऱ्याच्या उदाहरणातून 'निरोध' या शब्दाचा अर्थ कसा उलगडतो?
३. यम आणि नियम यांत काय फरक आहे?

बोलणे थांबले तेव्हा

याच गावात शिवरामकृष्ण नावाचा एक बुद्धिमान विद्यार्थी शिकत होता. रामभद्र दीक्षित हे त्याच्या गुरूंपैकी एक होते, असे परंपरा सांगते. पुढे संन्यास घेऊन तो परमशिवेंद्र सरस्वती यांचा शिष्य झाला आणि सदाशिव ब्रह्मेंद्र या नावाने ओळखला जाऊ लागला. वादविवादात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गुरूंच्या दर्शनाला येणाऱ्या प्रत्येक पंडिताला तो प्रश्नांनी घेरी आणि निरुत्तर करून सोडी. पंडित दुखावून परत जात. अखेर तक्रार गुरूंच्या कानी गेली. 'सदाशिवा, तोंड बंद ठेवायला तू केव्हा शिकणार?' असे गुरूंनी विचारले. 'आत्ताच,' या अर्थाचे उत्तर देऊन शिष्याने मौन धरले, आणि ते आयुष्यभर पाळले, असे सांगतात.

हा प्रसंग वरवर पाहता शिक्षेचा वाटतो. परंतु चित्तनदीची उपमा आठवली तर त्याचा अर्थ बदलतो. बुद्धीचा जो लोंढा इतरांना हरवण्याकडे निसटत होता तो एका प्रश्नाने अडला. अडलेले पाणी पुढे कोठे वळले, हे सदाशिव ब्रह्मेंद्रांच्या रचनांवरून कळते. त्यांची सोपी, नादमधुर संस्कृत पदे कर्नाटक संगीताच्या मैफलींत आजही गायली जातात. योगसूत्रांवर त्यांनी 'योगसुधाकर' नावाची सुबोध टीका लिहिली. वाद घालणाऱ्या विद्यार्थ्याने पांडित्यप्रदर्शनाची सर्वांत सोयीची जागा, म्हणजे टीकाग्रंथ, हाती घेतला आणि तो थोडक्यात आटोपला. मौनाचा हा परिणाम लक्षणीय म्हटला पाहिजे.

सदाशिव ब्रह्मेंद्र पुढे कावेरीच्या काठाकाठाने एकटेच फिरत राहिले. त्यांच्याविषयी अनेक आख्यायिका आहेत. नदीच्या वाळवंटात ते ध्यानस्थ बसले असता पूर आला आणि ते वाळूखाली गाडले गेले; काही महिन्यांनी वाळू उपसणाऱ्यांच्या फावड्याला रक्त लागले तेव्हा ते सापडले आणि उठून शांतपणे चालू लागले, अशी एक कथा आहे. १७३८ च्या सुमारास पुदुक्कोट्टैच्या तोंडैमान राजाला ते अरण्यात भेटले. राजाने उपदेश मागितला. मौन असल्यामुळे त्यांनी तो बोटाने वाळूवर लिहून दिला. राजाने ती वाळू गोळा करून राजवाड्यात नेली आणि तिची पूजा सुरू झाली, असे सांगितले जाते. अक्षरे तर वाळू उचलतानाच मोडली असणार. अठराव्या शतकाच्या मध्यास करूरजवळ नेरूर येथे, कावेरीकाठीच, त्यांनी समाधी घेतली. तेथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतोत्सव होतो. न बोलणाऱ्या योग्याचे स्मरण गाण्याने होते, याचे तेथील कोणालाही नवल वाटत नाही.

साधनेचे विविध प्रकार

योगाचा मार्ग एकच नाही. माणसांचे स्वभाव भिन्न, म्हणून मार्गही भिन्न. फळाची आसक्ती न ठेवता कर्तव्य करणे हा कर्मयोग होय. ईश्वराच्या प्रेमात मन विरघळवणे हा भक्तियोग, तर विचार आणि विवेक यांच्या साहाय्याने सत्य जाणणे हा ज्ञानयोग. पतंजलींच्या मार्गाला पुढे राजयोग असे नाव मिळाले. प्रत्यक्ष जीवनात हे कप्पे वेगळे राहत नाहीत. सदाशिव ब्रह्मेंद्रांना ज्ञानी म्हणावे तर त्यांची पदे भक्तीने ओथंबलेली आहेत.

शरीरापासून आरंभ करणारा मार्ग म्हणजे हठयोग. नाथसंप्रदायाने तो विशेष जोपासला. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्माराम यांनी रचलेल्या 'हठयोगप्रदीपिका' या ग्रंथात १५ आसनांचे वर्णन आहे. पुढील काळातील 'घेरंडसंहिते'त ती संख्या ३२ झाली. महाराष्ट्रात नाथपंथाची दीक्षा निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वरांना मिळाली, आणि १२९० मध्ये सिद्ध झालेल्या 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागृतीचे विस्तृत वर्णन मराठीत आले. संस्कृत न जाणणाऱ्यांसाठी योगाचे दार उघडण्याचे हे काम मोठे होते.

तमिळ प्रदेशात असेच काम तिरुमूलर या सिद्धपुरुषाने केले. तिरुविसनल्लूरच्या पूर्वेस, मायिलाडुतुरैच्या वाटेवर तिरुवावडुदुरै हे गाव आहे. उत्तरेकडून आलेला एक योगी या गावाजवळून चालला होता. तेथे मूलन नावाचा गुराखी मरून पडला होता आणि त्याच्या गाई त्याच्याभोवती उभ्या राहून हंबरत होत्या. योग्याला गाईंची दया आली. स्वतःचा देह एका सुरक्षित जागी ठेवून त्याने गुराख्याच्या देहात प्रवेश केला, गाईंना चुचकारले आणि संध्याकाळी त्यांना घरी पोहोचवले. परत येऊन पाहतो तो त्याचा मूळ देह नाहीसा झालेला! मग त्याच गुराख्याच्या देहात राहून, त्याच्या तमिळ भाषेत, त्याने 'तिरुमंदिरम्' हा तीन हजारांहून अधिक पद्यांचा ग्रंथ रचला. या ग्रंथाच्या तिसऱ्या तंत्रात अष्टांगयोगाचे विवरण आहे. ही कथा मार्मिक आहे. योग्याने सिद्धी वापरली ती गाईंचा शोक निवारण्यासाठी, आणि त्याची किंमत म्हणून स्वतःचा देह गमावला. पतंजलींनीही सिद्धींचे वर्णन केले आहे. मात्र त्या समाधीच्या मार्गातील अडथळे ठरतात, असा इशारा त्यांनी दिला आहे.

आधुनिक काळात योगाचा प्रसार होण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९१८ मध्ये श्री योगेंद्र यांनी मुंबईत योगसंस्था स्थापन केली. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू करून आसने आणि प्राणायाम यांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास प्रारंभ केला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले. म्हैसूरच्या तिरुमलै कृष्णमाचार्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले आणि तेथूनच त्यांची पद्धत जगभर पसरली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ मध्ये २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून घोषित केला.

आसनांनी शरीर लवचीक होते आणि श्वासाच्या अभ्यासाने मन निवते, हा अनुभव खोटा नाही. ती जाणत्या शिक्षकाकडून शिकावीत, रिकाम्या पोटी करावीत, झटका देऊन करू नयेत. रक्तदाब अथवा हृदयविकार असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. शेजारचा माणूस किती वाकतो हे पाहत केलेले आसन पतंजलींच्या व्याख्येत बसत नाही. कारण त्यात ना स्थैर्य आहे ना सुख.

स्वाध्याय

१. श्रीधर अय्यावाळ यांनी मोडलेला नियम कोणता आणि पाळलेला यम कोणता? तुमच्या शब्दांत लिहा.

२. 'सदाशिव ब्रह्मेंद्रांचे मौन ही शिक्षा नव्हती.' या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? कारणे द्या.

३. ज्ञानेश्वर आणि तिरुमूलर यांच्या कार्यात कोणते साम्य आढळते?

४. मराठीत 'योग' या शब्दापासून बनलेले अथवा त्याच्याशी जोडलेले शब्द शोधा (उदा. योगायोग, वियोग, उद्योग). प्रत्येकात 'जोडणे' हा अर्थ कितपत शिल्लक आहे ते पाहा.

५. एके दिवशी अर्धा तास कोणाशीही न बोलता बसा. त्या अर्ध्या तासात कोणाला काय उत्तर द्यावे, असे किती वेळा मनात आले, ते नंतर वहीत लिहून ठेवा. एका आठवड्यानंतर हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा.